मांडव उतरवायच्या दिवसापासून सुरुवात

2017 साली नेदरलँड्समधल्या आइंडहोवन शहरात डिझाइनच्या मोठ्या उत्सवासाठी एक मंडप उभा राहिला. नाव होतं 'पीपल्स पॅव्हिलियन'. 250 चौरस मीटर जागा, आठ मीटर उंची, लाकडी चौकटी, वर काच आणि दर्शनी बाजूला रंगीबेरंगी प्लास्टिकचे खवले. शहरातल्या घराघरांतून निघालेल्या प्लास्टिकच्या कचऱ्यापासून ते खवले बनवले होते. नऊ दिवस कार्यक्रम झाले आणि मंडप उतरला.

अशा वास्तूंबद्दल लिहिताना बहुतेक जण खवल्यांपाशीच थांबतात. कचऱ्यातून काय सुंदर वस्तू केली म्हणतात, फोटो काढतात, पुढे जातात. या मंडपाची खरी करामत मात्र खवल्यांच्या मागे होती. बांधकामाचं सामान उसनं आणलेलं होतं. लाकडाचे वासे, पायाचे काँक्रीटचे खांब, काचा, सगळं नऊ दिवसांनी धन्याला परत जायचं होतं, तेही जसंच्या तसं. आता उसन्या वाशाला खिळा कसा ठोकणार? म्हणून खिळे नाहीत, स्क्रू नाहीत, गोंद नाही, करवत नाही, ड्रिल नाही. ट्रकवरचा माल आवळायला वापरतात तसले 350 पट्टे घेतले आणि 12 खांब व 19 लाकडी चौकटी त्यांनी एकमेकांना जखडून टाकल्या. पट्टे सोडले की वासा पुन्हा वासा. खवलेसुद्धा शेवटी शहरातल्या लोकांमध्ये वाटून टाकले.

उत्सवासाठी टाकाऊ सामानातून केलेलं बांधकाम समजून घ्यायला मला हे उदाहरण सगळ्यात सोयीचं वाटतं, कारण इथं विचार उलट्या टोकाकडून सुरू झाला. आधी प्रश्न आला की उत्सव संपल्यावर हा वासा कुठं जाणार. तो कशाला जोडायचा, किती उंच न्यायचा, कापायचा की नाही, ही सगळी उत्तरं त्यातून निघाली. तात्पुरत्या वास्तूकडे पाहताना हाच एक प्रश्न हाताशी ठेवला, तर बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी

'रिसायकल्ड' या एका शब्दात आपण तीन निरनिराळ्या वाटा कोंबतो. पहिली वाट म्हणजे वस्तू आहे तशी पुन्हा वापरणं. दार दारच राहतं, फळी फळीच राहते. दुसरी वाट, वस्तू मोडून तिच्या द्रव्यापासून नवी वस्तू करणं. बाटली दळून तिचा धागा होतो, रद्दीचा लगदा होऊन पुठ्ठा होतो. तिसरी, वस्तू मातीत परत जाणं, म्हणजे कुजून खत होणं.

यांतली पहिली वाट सर्वांत स्वस्त पडते, पैशानंही आणि ऊर्जेनंही, कारण भट्टी पेटवावी लागत नाही. दुसऱ्या वाटेवर दर फेरीला थोडा दर्जा उतरतो. कागदाचे तंतू आखूड होत जातात, प्लास्टिकचे रेणू तुटत जातात. पोलाद आणि ॲल्युमिनियम इथं अपवाद आहेत, ते वितळवून जवळजवळ पहिल्यासारखे होतात, पण त्यासाठी उष्णता लागतेच. एक टन नवं पोलाद बनताना जगात सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून पोलादाची नळी एकदा वापरून वितळवण्यापेक्षा पन्नास ठिकाणी वापरणं कितीतरी शहाणपणाचं.

यावरून माझं एक मत झालं आहे. उत्सवी वास्तुकलेतली सगळ्यात पर्यावरणस्नेही वस्तू भाड्यानं मिळणारी परांची आहे. तिचं कौतुक कुणी करत नाही. पण जगात बहुतेक ठिकाणी परांचीच्या नळीचा बाहेरचा व्यास 48.3 मिलिमीटर असतो आणि तिला बसणारे क्लॅम्प ठरलेल्या मापाचे असतात. आज ती इमारतीला टेकलेली असते, उद्या रंगमंचाखाली, परवा प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली. कुणालाही ती नव्यानं बनवावी लागत नाही. टाकाऊ सामानाची उत्तम वास्तू बऱ्याचदा अशा भाड्याच्या सांगाड्यावरच उभी असते. लंडनमध्ये 2011 साली 'असेंबल' या गटानं एका उड्डाणपुलाखाली 'फॉली फॉर अ फ्लायओव्हर' नावाचं छोटं तात्पुरतं नाट्यगृह उभारलं. बाहेरून पाहिलं तर विटांचं घर. त्या विटा जुन्या लाकडातून कापलेल्या होत्या, ओवून परांचीच्या सांगाड्यावर पडद्यासारख्या सोडल्या होत्या. उन्हाळा संपल्यावर परांची तिच्या कामाला गेली आणि बाकीचं सामान जवळच्या प्राथमिक शाळेत खेळायची आणि झाडं लावायची जागा करायला वापरलं गेलं.

हलकी वास्तू उडते

आता थोडं भौतिकशास्त्र. कायमच्या इमारतीचा मोठा शत्रू तिचं स्वतःचं वजन असतं. उत्सवी वास्तूचं उलट आहे. तिला वजनच नसतं आणि तिचा शत्रू वारा असतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि हे फार जण विसरतात. ताशी 36 किलोमीटरचा वारा सपाट पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण सहा किलोइतका रेटा देतो. ताशी 72 किलोमीटरला तो रेटा 24 किलोच्या घरात जातो. चार मीटर बाय पाच मीटरचा एक पडदा धरला, तर त्यावर जवळपास अर्धा टन ढकल आली. पडदा जुन्या साड्यांचा आहे की नव्या कापडाचा, याचं वाऱ्याला काही सुखदुःख नाही.

यावर उपाय दोनच. जमिनीत खुंट ठोकून धरायचं, नाहीतर वजन ठेवून धरायचं. उत्सवाची जागा बहुतेक वेळा चौक, बाग किंवा मैदान असते आणि तिथं खोदायची परवानगी नसते. मग पाण्यानं भरलेल्या टाक्या, वाळूची पोती, काँक्रीटचे ठोकळे येतात. एक हजार लिटरची टाकी म्हणजे बरोबर एक टन, आणि पाणी नंतर झाडांना घालता येतं, त्यामुळे हा मार्ग मला फार आवडतो. पण यात एक फसवी गोष्ट आहे. वजन ठेवलं म्हणजे ते जागेवर राहील असं नाही. बाजूनं ओढलं तर ठोकळ्याला धरून ठेवतं ते घर्षण, आणि गुळगुळीत जमिनीवर घर्षण वजनाच्या निम्म्याहूनही कमी भरू शकतं. म्हणजे एक टनाचा ठोकळा अर्ध्या टनाच्या ओढीनं सरकू शकतो. त्यात तणावा, म्हणजे मंडपाला बाजूनं खेचून धरणारा दोर, तिरका वर जात असेल तर तो ठोकळ्याला थोडा उचलतोही, आणि घर्षण आणखी घटतं.

हे कागदावरचं भय नाही. 13 ऑगस्ट 2011 रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या जत्रेत वादळी वाऱ्याच्या झोतानं रंगमंचावरचं छत कोसळलं आणि सात जणांचे जीव गेले. त्या छताचे तणावे रस्त्यावर मध्ये ठेवतात तशा काँक्रीटच्या जड ठोकळ्यांना बांधले होते. आडव्या रेट्याला तोंड द्यायला ती व्यवस्था पुरी पडणारी नव्हती, असं तपासात दिसलं. ठोकळे सरकले. ती वास्तू टाकाऊ सामानाची नव्हती, साधी नेहमीची भाड्याची होती. पण तात्पुरतं म्हणजे 'चार दिवसांचा तर प्रश्न आहे' असं समजणाऱ्या प्रत्येकानं ही घटना लक्षात ठेवावी. वादळाला चार दिवस आणि चाळीस वर्षं यांतला फरक कळत नाही. म्हणून गंभीरपणे काम करणारे लोक वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र मंडपावर लावतात आणि आधीच ठरवून ठेवतात की अमुक वेगाला पडदे सोडायचे, तमुक वेगाला माणसं बाहेर काढायची.

माणसांच्या भाराचंही थोडं सांगतो. दाटीवाटीनं उभ्या राहिलेल्या गर्दीसाठी अभियंते जमिनीच्या चौरस मीटरला 500 किलोपर्यंत भार धरतात. तालावर उड्या मारणारी गर्दी तर स्वतःच एक यंत्र होते. फळ्या जुन्या असोत वा नव्या, हा आकडा कमी करता येत नाही.

जुन्या वस्तूची ओळखपत्रं

नवा पोलादी खांब कारखान्यातून येतो तेव्हा त्याच्यासोबत कागद येतो, त्यावर त्याची ताकद लिहिलेली असते. पाडलेल्या इमारतीतून काढलेल्या तुळईकडे असा कागद नसतो. ती कुणी बनवली, किती भार सोसला, कधी आगीत सापडली का, हे तिलाच माहीत. टाकाऊ सामानानं बांधणाऱ्या अभियंत्याची खरी डोकेदुखी इथं आहे, आणि त्याचं कौशल्यही इथंच दिसतं.

तो काय करतो? एक, नमुने घेऊन मोडून पाहतो. दहा वाशांतले दोन बळी दिले की उरलेल्या आठांबद्दल काही बोलता येतं. दोन, उभारलेल्या भागावर प्रत्यक्षात येणार त्याहून जास्त वजन ठेवून किती वाकतो ते मोजतो. तीन, वस्तूची ताकद मुद्दाम कमी धरतो आणि जास्त जाडीची वापरतो. आणि चार, जे मला सगळ्यात सुज्ञ वाटतं: अनोळखी वस्तूला जबाबदारीचं काम देतच नाही. जुन्या खिडक्या भिंतीत भरायला घेतल्या, पण छत तोललं ते ओळखीच्या नळ्यांनी. एखादी खिडकी फुटली तर वारा आत येईल, छत खाली येणार नाही.

जुन्या लाकडाचा एक मोठा गुणही सांगायला हवा. ते वाळलेलं असतं. नवं लाकूड सुकताना आकसतं, पिळतं. जुन्याचं आकसून झालेलं असतं, त्यामुळे मापं फारशी बदलत नाहीत. फक्त खिळे शोधून काढावे लागतात, वाळवी आणि कूज पाहावी लागते. सुतार हातोडीनं ठोकून आवाज ऐकतो. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आतून पोकळ.

मालाचे लाकडी पॅलेट, म्हणजे माल रचून उचलायला वापरतात त्या फळ्यांच्या चौकटी, उत्सवी बांधकामात सर्वत्र दिसतात, कारण ते सहज मिळतात. त्यांच्याकडे मात्र ओळखपत्र असतं आणि ते वाचायला शिकावं. देशाबाहेर जाणाऱ्या पॅलेटवर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला शिक्का मारतात. त्यात 'एचटी' ही अक्षरं असली तर कीड मारायला लाकूड नुसतं तापवलेलं आहे. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. दुसऱ्या प्रकारचं पॅलेट बसायला, मुलांच्या खेळाला, कशालाच घेऊ नये. शिक्का नसेल आणि डाग असतील तर त्यावर काय सांडलं होतं हे कळायला मार्ग नाही, तेही बाजूला ठेवावं.

आणि पॅलेट फोडू नये. युरोपात चालणाऱ्या प्रमाणित पॅलेटमध्ये 78 खिळे असतात. ते उपसून फळ्या मोकळ्या करायला गेलं की निम्म्या फळ्या चिरतात आणि हाती सरपण येतं. अख्खं पॅलेट रचलं, बोल्टनं किंवा पट्ट्यानं बांधलं, तर उत्सवानंतर ते पुन्हा गोदामात जाऊन पॅलेट म्हणून काम करतं.

कंटेनरबद्दल एकच गोष्ट. त्याचा सगळा भार चार कोपऱ्यांच्या खांबांतून खाली जातो, म्हणून ते एकावर एक रचता येतात. पण बाजूचा नालीदार पत्राही त्याला ताठ ठेवत असतो. मोठी खिडकी कापली की तो भाग पोलादी चौकटीनं पुन्हा बळकट करावा लागतो, आणि कापलेला कंटेनर परत मालवाहू होत नाही. न कापता वापरला तर तो दुसऱ्या दिवशी जहाजावर जाऊ शकतो. शिगेरू बान या जपानी वास्तुकारानं 2005 साली न्यूयॉर्कच्या धक्क्यावर 'नोमॅडिक म्युझियम' हे फिरतं प्रदर्शनगृह कंटेनर रचून उभं केलं. पुढच्या शहरांत जाताना बहुतेक कंटेनर सोबत नेलेच नाहीत. कंटेनर प्रत्येक बंदरात असतात, तिथलेच घेतले.

कागदाचा खांब

बान यांचं नाव निघालं की पुठ्ठ्याच्या नळ्यांकडे यावंच लागतं. कापडाचे किंवा कागदाचे गठ्ठे गुंडाळायला जी नळी वापरतात, तीच ही. कागदाच्या पट्ट्या तिरक्या गुंडाळून गोंदानं चिकटवलेल्या. पट्ट्या रद्दीपासून बनतात. 1980च्या दशकाच्या मध्यापासून बान या नळ्यांनी प्रदर्शनं, घरं, निवारे बांधत आले आहेत.

कागद मजबूत कसा, हा पहिला प्रश्न. एक कागद उभा धरून वर बोट ठेवलं तर तो लगेच दुमडतो. त्याचीच नळी केली तर बोटाचं वजन सहज पेलतो. कागद तोच, पण नळीत त्याला दुमडायला दिशा उरत नाही. जाड भिंतीची नळी लांबीच्या दिशेनं चांगलाच दाब घेते. तिला अडचणी दोन. पाणी लागलं की थर सुटतात, म्हणून बाहेरून लेप द्यावा लागतो. आणि सतत भार राहिला की ती सावकाश वाकत जाते. आज पाहिलं तर सरळ, महिन्यानं पाहिलं तर पोटात किंचित बाक. उत्सवाच्या मुदतीसाठी हा दुसरा दोष फारसा आड येत नाही, उलट कागद आणि उत्सव यांची आयुष्यं जुळतात.

जर्मनीत हॅनोव्हरला 2000 साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनात बान यांनी जपानचा मंडप कागदी नळ्यांचा केला. सोबत फ्राय ऑटो हे हलक्या छतांचे जाणते वास्तुकार आणि अभियंते होते. 440 नळ्या, प्रत्येकी सुमारे 12 सेंटिमीटर व्यासाच्या, जाळीसारख्या आडव्या-उभ्या ठेवून कापडी पट्टीनं बांधल्या. आधी जमिनीवर सपाट, मग खालून हळूहळू वर ढकलत कमानीचा आकार दिला. गाठ कापडी होती म्हणून जाळी वाकताना नळ्या एकमेकींवर फिरू शकल्या. बोल्ट घातला असता तर त्याच्या भोकाशी कागद फाटला असता. पायासाठी काँक्रीट ओतायचं टाळलं, लाकडी फळ्यांच्या पेट्या करून त्यांत वाळू भरली.

इथं प्रशासनाची बाजूही समजून घ्यायला हवी. कागदाच्या एवढ्या मोठ्या छताला लागू पडेल असा नियम तिथं नव्हता, म्हणून लाकडी कमानी जास्तीच्या घालायला लावल्या. बान यांना शुद्ध कागदाचा मंडप हवा होता. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं. नवी वस्तू पहिल्यांदा डोक्यावर घेताना आधाराला काठी असावी, आणि काठी नको म्हणणारा कुणीतरीही असावा, नाहीतर नियम कधी बदलणारच नाहीत.

बाटल्यांचं काय?

2013 साली न्यूयॉर्कच्या गव्हर्नर्स आयलंडवर 'स्टुडिओ केसीए'नं 'हेड इन द क्लाउड्स' नावाचा ढगासारखा मंडप केला, 53,780 प्लास्टिकच्या बाटल्यांचा. हा आकडा उगाच निवडला नव्हता. न्यूयॉर्क शहरात एका तासात तेवढ्या बाटल्या फेकल्या जातात, असा त्यांचा हिशेब होता. आत शिरलं की निळसर उजेड, कारण आतल्या बाटल्यांत निळसर पाणी भरलेलं होतं. ही वास्तू एक संख्या डोळ्यांना दाखवण्यासाठी होती आणि ते काम तिनं चोख केलं. तासाभराच्या कचऱ्यात माणूस उभा राहू शकतो, हे कळायला आत जाऊन उभं राहावं लागतं.

पण त्या धर्तीवर जिकडेतिकडे बाटल्यांचे बुरूज उभे राहू लागतात तेव्हा सावध व्हावं. बाटली पुन्हा वितळवायची तर ती स्वच्छ आणि एकजिनसी हवी. बाटलीचं अंग एका प्लास्टिकचं आणि झाकण दुसऱ्या, हे मुळातच आहे. त्यावर रंग फासला, गरम गोंदाचे ठिपके दिले, भोकांतून तार ओवली, आत वाळू कोंबली, की ती पुनर्चक्रणाच्या वाटेवरून कायमची उतरते. उत्सवाआधी ती निदान नवा धागा होऊ शकत होती. आपण तिची शोभेची वस्तू केली आणि मग कचराभूमीत पाठवली. शिवाय उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होतं, त्याचे कण झडतात. बाटल्या वापरायच्याच तर जाळीच्या पिशव्यांत भराव्यात, एकमेकींत खोचाव्यात, चिकटवू नयेत.

हाच नियम छापील फ्लेक्सला लागतो. फ्लेक्स म्हणजे एका धाग्याच्या कापडावर दुसऱ्या प्लास्टिकचा लेप. दोन द्रव्यं अशी एकजीव झाली की वेगळी करणं महाकठीण. त्याच्या पिशव्या शिवतात ते चांगलं, पण ती एक पायरी लांबणीवर टाकणं झालं. थर्माकोलमध्ये 98 टक्के हवा असते. तो पुनर्चक्रणाला पाठवणं म्हणजे ट्रकमधून हवा वाहणं, आणि कापताना उडालेला चुरा तर परत गोळाच होत नाही.

चुऱ्याला हलकं समजू नये. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात दरवर्षी 'बर्निंग मॅन' हा उत्सव भरतो. तिथं संपूर्ण तात्पुरतं शहर उभं राहून नाहीसं होतं. जमीन सरकारी आहे आणि अट अशी की नंतर तपासणीत सरासरी एकरी एक चौरस फुटाहून जास्त कचरा दिसता कामा नये. म्हणून स्वयंसेवक रांगा करून वाळवंट चालत पिंजून काढतात. त्यांना सापडतात ते मोठे तुळईचे तुकडे नसतात. स्क्रू, लाकडाच्या ढलप्या, टिकल्या, पट्ट्यांची टोकं सापडतात. जागेवर कापाकापी जितकी कमी, तितकी ही वेचणी कमी.

मातीत जाण्याची तिसरी वाट मी वर सांगितली होती. तिचं गाजलेलं उदाहरण 2014 साली न्यूयॉर्कच्या 'मोमा पीएस1' या कलासंस्थेच्या अंगणात उभं राहिलं. 'द लिव्हिंग' या वास्तुसंस्थेनं 'हाय-फाय' नावाचा सुमारे 12-13 मीटर उंचीचा मनोरा दहा हजार विटांनी बांधला. विटा भाजलेल्या नव्हत्या, वाढवलेल्या होत्या. मक्याच्या ताटांसारखा शेतातला पाला साच्यात भरायचा, त्यात बुरशी सोडायची. बुरशीचे पांढरे तंतू पाल्यात पसरून त्याला घट्ट विणून टाकतात. काही दिवसांत वीट तयार, मग ती वाळवली की बुरशीची वाढ थांबते. उन्हाळा संपल्यावर मनोरा उतरवून विटांचं खत केलं.

इथं एक पेच आहे. उत्सवात आग लागू नये म्हणून कापड, कागद, पाला यांवर आग रोखणारी रसायनं मारावी लागतात, आणि त्यांतली काही रसायनं मातीत जायला नको असतात. सुरक्षिततेत तडजोड करता येत नाही. म्हणून सहज पेटणारं सामान छतावर न घेता खाली आणि उघड्यावर वापरणं, बाहेर पडायच्या वाटा रुंद ठेवणं, आत ज्योत न नेणं, अशा मांडणीतून धोका जितका कमी करता येईल तितकं रसायन कमी लागतं. नकाशा नीट काढला तर फवारा वाचतो.

गाठ

आतापर्यंत आलेल्या सगळ्या उदाहरणांत एक धागा दिसेल: गाठ कशी आहे. गोंद कायमचा. खिळा जाताना फळी फाडतो. स्क्रू निघतो, पण दोन-तीनदा वापरल्यावर लाकडातली पकड ढिली होते. बोल्ट चांगला, मात्र त्यासाठी भोक पडतं. क्लॅम्प, पट्टा आणि दोर वस्तूला धक्का लावत नाहीत. बांबूला भोक पाडलं की तो उभा चिरतो, म्हणून बांबूचे कारागीर हजारो वर्षं दोरानंच बांधत आले. नव्या वास्तुकारांनी 'उलगडता येणारी रचना' म्हणून ज्याचं शास्त्र केलं, ते त्यांच्या बोटांत होतंच.

गाठ चांगली असूनही सामान वाया जातं, त्याचं कारण मांडव उतरवायचा दिवस. उभारणीला आठवडे मिळतात. उतरवायला बहुतेक वेळा एक रात्र, कारण सकाळी जागा रिकामी करून द्यायची असते. थकलेल्या लोकांच्या हातात पहार येते आणि जे सुटत नाही ते तोडलं जातं. यावर उपाय फार साधे आहेत. सगळे बोल्ट एकाच मापाचे ठेवायचे, म्हणजे एकच पाना पुरतो. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक आणि 'हा कुणाकडे जाणार' याची चिठ्ठी पहिल्याच दिवशी लावायची. तुकडा दोन माणसांना उचलता येईल एवढाच ठेवायचा. न्यायला येणारा ट्रक उभारणीच्या आधीच ठरवायचा. आणि उतरवणाऱ्यांची मजुरी खर्चाच्या यादीत वरच लिहायची, तळाशी 'इतर' मध्ये नाही.

हॅनोव्हरच्या त्याच 2000 सालच्या प्रदर्शनात जपानच्या कागदी मंडपाखेरीज स्वित्झर्लंडचाही मंडप होता, पीटर झुमथोर या वास्तुकाराचा. त्यात जुनं सामान नव्हतं, ताजं कापलेलं ओलं लाकूड होतं, तरीही या विषयात मला तो सगळ्यात शहाणा वाटतो. लाकडाच्या वखारीत फळ्या वाळायला रचतात, तशा तुळया एकावर एक, मध्ये हवेला फट सोडून रचल्या आणि त्यांच्या उंच भिंतींची भूलभुलय्या केली. एकूण 144 किलोमीटर लांबीच्या तुळया. गोंद, खिळा, बोल्ट काही नाही. पोलादी सळ्यांनी सगळी रास वरून खाली दाबून धरली होती. लाकूड वाळून आकसत जाणार आणि रास खाली बसणार, तेव्हा ताण सुटू नये म्हणून सळ्यांना स्प्रिंगा बसवल्या होत्या. पाच महिने लोक त्या भिंतींमधून फिरले, संगीत ऐकलं, ओल्या लाकडाचा वास घेतला, आणि तेवढ्या वेळात वारा फटींमधून आपलं काम करत राहिला. प्रदर्शन संपलं तेव्हा रास सोडली आणि तुळया मुरलेलं लाकूड म्हणून विकल्या गेल्या.